ओढ्याधरणातले मासे आणि पाणी तपासताना या चुका टाळा

दुपारी दोनला धरणाच्या काठावर मीटर बुडवला, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 11 मिलिग्रॅम आला आणि मी वहीत 'पाणी उत्तम' लिहून मोकळा झालो. उन्हाळा होता, पाणी हिरवंगार. 30 अंशांच्या पाण्यात हवेतून जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मुरतो, मग वरचा आला कुठून? शैवालातून. दिवसभर उन्हात ते ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं. त्याच जागी पहाटे साडेपाचला गेलो तर मीटर दोनच्या खाली होता आणि चिलापी (तिलापिया मासे) पाण्यावर तोंडं काढून आ वासत होत्या. तेव्हा एक नोंद उजाडायच्या आत घ्याच. एकट्या दुपारच्या आकड्यावर विसंबू नका.

मीटर नसेल तर रसायनांनी ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत चालते, पण बाटली घरी नेऊन मग रसायनं घालू, असं करू नका. मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड काठावरच घाला, बुडबुडा राहू देऊ नका. साका (खाली बसणारा गाळ) तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाहीच.

अमोनियाचा आकडा सामू (pH) आणि तापमानाशिवाय लिहिणं म्हणजे अर्धीच नोंद. 25 अंशांना सामू 7 असेल तर विषारी अमोनिया एकूण अमोनियाच्या एक टक्काही नसतो. सामू 9 झाला की तो तिसऱ्या हिश्शावर जातो. आणि सामू दुपारी चढवतं तेच शैवाल!

आता मासे. सह्याद्रीतल्या ओढ्यावर बहुतेक जण डोहात जाळं टाकून बसतात. शिंगटी, मरळ मिळतात, पण मळ्या वाहत्या पाण्यात खडकाला चिकटलेला असतो, तो त्या जाळ्यात कशाला येईल? खळाळात बारीक जाळी आडवी धरा आणि वरच्या अंगाचे गोटे पायाने हलवा.

बाजारातली टोपली बघून यादी करू नका. रोहू, कटला बहुधा सोडलेल्या बीजाचे असतात. चिलापी तर 1952 मध्ये बाहेरून देशात आणलेली. देशी चार गेले आणि हे चार आले, तरी बेरीज तीच राहते. देशी-परके वेगळे मोजा.

नावं मात्र कोळ्यांना जरूर विचारा. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्सने 1839 मध्ये दख्खनच्या माशांना दिलेल्या शास्त्रीय नावांत 'मुल्या' (वरचा मळ्याच) आणि 'खुद्री' ही इथलीच नावं आहेत. त्यातला खुद्री, म्हणजे आपला महसीर, पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला. पण पुढच्या गावी त्याच नावाने दुसराच मासा दाखवतील, म्हणून फोटो हवाच. मासा ओला असतानाच काढा, मासा टिकवायच्या फॉर्मेलिनमध्ये रंग उडतो. शेजारी पट्टी ठेवा, पर पसरा. हातात धरून काढलेला फोटो फारसा उपयोगी नाही, नेमके पर आणि मिश्या बोटांखाली जातात.