मुलांचा नंबर का चुकतो? नव्या ऑप्टोमेट्रिस्टनी या चुका टाळा

बी.ऑप्टोम. करून म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या दवाखान्यात रुजू झालात, की पाच वर्षांचं पोर खुर्चीत बसल्याबसल्या कळतं: मोठ्यांवर शिकलेली तपासणी इथे पुरत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ऑटोरेफचा (नंबर मोजणाऱ्या यंत्राचा) कागद पाहून चष्मा लिहिणे. मुलांच्या डोळ्यांची जवळ फोकस करायची ताकद दांडगी असते. यंत्रात डोकावताना ती ताकद जागी होते, प्लस नंबर लपतो आणि नसलेला मायनस नंबर उमटतो. दर रीडिंगला आकडा बदलतोय, डोळा आत वळतोय किंवा रेटिनोस्कोपीशी (डोळ्यात उजेड टाकून स्वतः नंबर काढण्याशी) मेळ बसत नाही, तर फोकस सैल करणारे थेंब घालूनच तपासा. डॉक्टरांच्या सल्ल्याने सायक्लोपेंटोलेट 1 टक्का, एक थेंब, 5 ते 10 मिनिटांनी दुसरा (तान्ह्या बाळाला 0.5 टक्का). थेंबानंतर आतला कोपरा मिनिटभर दाबून धरा, औषध अंगात कमी उतरतं. घाई मात्र नको. आपल्याकडच्या काळ्याभोर डोळ्यांत औषध उशिरा चढतं. बाहुली मोठी दिसली म्हणजे फोकस सैल झाला असं नाही. 30 ते 45 मिनिटं थांबा आणि रिफ्लेक्स (बाहुलीतून परत येणारी चमक) स्थिर आहे का ते पाहा. दुसऱ्या दिवसापर्यंत वाचताना धूसर दिसेल, उन्हात डोळे दिपतील, हे आईला आधीच सांगा. परीक्षेच्या आदल्या दिवशी थेंब घालू नका.

रेटिनोस्कोपीत मूल हलतं, तसे तुम्हीही पुढे सरकता. 66 सेंटिमीटरवरून तपासलं, तर आलेल्या आकड्यातून 1.50 वजा होतो, 50 वरून 2.00. पुढे झुकून जुनाच 1.50 वजा केलात, तर प्लस 0.50 ने जास्त येतो. उपाय साधा: मापाची दोरी रेटिनोस्कोपला बांधा.

डोळा झाकायला मुलाचाच हात? फटीतून ते हमखास बघणार. मायक्रोपोर पट्टी लावा. पण झाकताच उघडा डोळा थरथरू लागला, तर पट्टी काढून जास्त प्लसच्या भिंगाने तो डोळा धूसर करा. नाहीतर नजर आहे त्यापेक्षा कमी दिसेल.

एकेकटं अक्षर दाखवलं, तर आळशी डोळाही पास होतो. पूर्ण ओळ किंवा भोवती रेघा असलेलं चिन्हच दाखवा. लहानग्यांचा ई चार्टवर डावा-उजवा गोंधळ होतो. तो नजरेचा दोष नव्हे. मांडीवर जुळवणीचं कार्ड द्या, म्हणजे मूल घरी कोंकणी बोलो की मराठी, चित्राचं नाव विचारायची गरजच पडत नाही.

क्रमही चुकतो. स्टिरिओ चाचणी (दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली कळते का) आधी, कव्हर टेस्ट (डोळा झाकून तिरळेपणा पाहणं) नंतर. एकदा डोळे वेगळे केले की कच्ची जोडी लगेच जुळत नाही. कव्हर टेस्टला टॉर्च धरू नका. उजेडाकडे बघायला फोकस लागत नाही, त्यामुळे प्लस नंबरामुळे येणारा तिरळेपणा निसटतो. छोटं, तपशीलवार चित्र धरा.

शाळेच्या शिबिरात कधी कधी 3 मीटरचा चार्ट 6 मीटरवर टांगलेला असतो. टेपने मोजा, जमिनीवर खूण करा.

बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर नंबर बाजूला ठेवा. मोतीबिंदू असू शकतो, रेटिनोब्लास्टोमाही (डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग). चिठ्ठी लिहून त्याच दिवशी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा आणि मूल तिथे पोचलं का, ते फोन करून विचारा.