चिकट पुठ्ठ्यावर अडकलेला उंदीर

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओट्याखाली उंदीर पकडायच्या चिकट पुठ्ठ्यावर उंदराचं एक पिल्लू अडकलं. मिश्यासुद्धा चिकटलेल्या, पोट भराभर धडधडत होतं. अशा वेळी ओढू नका, कातडी सोलते. जाड हातमोजे घाला. घाबरलेला उंदीर चावतोच, शिवाय त्याच्या मुतातून लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती. मोकळ्या चिकट जागेवर आधी कागद दाबा, म्हणजे तो पुन्हा चिकटणार नाही. मग कापसाने गोडेतेल, थेंब थेंब, एकेका पायाशी. नाकातोंडात जाऊ देऊ नका. आमची वीस मिनिटं गेली, शेपूट सगळ्यात शेवटी सुटली.

तेल टिपा. भोकं पाडलेल्या बुटांच्या खोक्यात, फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी, अंधारात ठेवा. तोंडात पाणी ओतू नका. मांजराने धरलेला असेल तर लगेच पशुवैद्याकडे न्या. दाताची जखम टाचणीएवढी दिसली तरी आत पिकते.