काम हरवलेल्या वस्तू : जुन्या बाजारात नजर कशी तयार करावी

मुठीत मावेल एवढा पितळी पक्षी. पाठीवर धरायला कडी, आणि पोटाखाली खवणीसारखी खरखरीत चौकडी. विकणारा म्हणाला, "पेपरवेट आहे साहेब, घेऊन टाका." दीडशे रुपये देऊन मी तो घेतला आणि दोन वर्षं टेबलावर बिलं दाबायला वापरला. मग एकदा आत्या आली. तिने तो उचलला, उलटा केला आणि हसत सुटली. "अरे, ही वज्री! न्हाताना टाचा घासायची."

जुन्या बाजारात ज्या वस्तूने आपण चक्रावतो ती बहुतेक वेळा दुर्मिळ नसते. तिचं काम गेलेलं असतं, एवढंच. कधीकाळी घरोघरी असलेली गोष्ट, पण आज विकणाऱ्यालाही ती कशासाठी होती ते ठाऊक नसतं. म्हणून अशा वस्तू शोधायच्या तर नशिबावर हवाला ठेवून चालत नाही. नजर तयार करावी लागते, आणि ती करता येते.

आधी संग्रहालय, मग बाजार

पुण्यात असाल तर जुन्या बाजारात पाऊल टाकण्याआधी बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. बघून झालं असेल तर पुन्हा बघा. दिनकर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत, आणि उरलेलं आयुष्य त्यांनी गावोगाव फिरून लोकांच्या घरातल्या वस्तू जमवण्यात घालवलं. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं. वीस हजारांच्या वर वस्तू आहेत. मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. तिथे तलवारींपुढे फार वेळ घालवू नका. अडकित्ते, कुलपं, दिवे, फणीकरंड्याच्या पेट्या, दौती आणि वज्र्या यांच्यापुढे थांबा. एक वस्तू निवडा आणि ती धरायची कुठे, झिजली कुठे, एवढंच बघा. मी हे आधी केलं असतं तर दोन वर्षं वज्रीने बिलं दाबली नसती.

केव्हा जावं, पिशवीत काय असावं

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत कुंभारवेशीजवळ, बुधवारी आणि रविवारी. जागा थोडी इकडेतिकडे सरकते, तेव्हा आधी विचारून घ्या. मुंबईत भेंडी बाजाराजवळची मटन स्ट्रीट म्हणजे चोर बाजार. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जो पथारीचा बाजार भरतो त्यात खरी मजा. बाहेरगावी असाल तर आठवडी बाजाराच्या कडेला बसणारा भंगारवाला आणि गल्लीतलं रद्दीचं दुकान, दोन्ही चालतील.

सकाळी लवकर गेलं की माल पोत्यातून बाहेर पडताना दिसतो. उशिरा गेलं की भाव उतरतो. दोन्ही एकाच दिवशी साधत नाही.

पिशवीत लोहचुंबक, भिंग, खिशात मावणारा डिजिटल काटा, छोटी बॅटरी, सुटे पैसे आणि एक ओलं फडकं. लोहचुंबक सगळ्यांत महत्त्वाचं. पितळ आणि तांबं त्याला चिकटत नाही. 'अस्सल पितळी' समई चिकटली तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा.

वस्तू उलटी करा

मांडलेल्या वस्तू सगळेच बघतात. तुम्ही पथारीच्या मागचं पोतं, डब्यातला डबा, मोडक्या रेडिओवर ठेवलेला खोका बघा. हाती आलेली प्रत्येक गोष्ट पालथी घाला, कारण नाव, साल, कल्हईचे थर, डाग दिलेली जागा हे सगळं खाली असतं. भांड्यांवर मालकाचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं सापडतं, कधी लग्नाची तारीखही.

मग झीज बघा. खऱ्या वापराची झीज ठरावीक जागीच असते: अडकित्त्याच्या दांड्यावर अंगठ्याची जागा गुळगुळीत, पाट्याचा मध्य खोलगट. सगळीकडे सारखी झीज आणि सारखा काळेपणा दिसला तर तो कोणीतरी मुद्दाम आणलेला असतो.

माझी आवडती तपासणी वजनांची. भंगाराच्या ढिगात लोखंडी वजनं हटकून असतात. भारतात दशमान वजनं १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधी शेर होता, म्हणजे ८० तोळे, साधारण ९३३ ग्रॅम. एकदा एका ढिगात शिक्का पुसट झालेलं एक वजन मिळालं. विकणाऱ्याने ते किलोवर द्यायला म्हणून आपल्याच काट्यावर टाकलं आणि काटा किलोच्या थोडा अलीकडे थांबला. "घासलंय," तो म्हणाला. घासलं नव्हतं. तो शेर होता, आणि किलोकडून झालेली आपली हार तो बरोबर सांगत होता.

धान्याच्या मापांचंही तसंच. दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. ही उतरंड पाठ असली की पथारीवरचा पितळी 'पेनस्टँड' आपोआप मापटं होतो.

नाण्यांत जपून

'राणीछाप', म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा, रुपया दिसला की आधी तोला. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी जवळजवळ ९२ टक्के, १९४० ते १९४५ मध्ये निम्मी, वजन मात्र तेवढंच. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो आणि खरा असतो. व्हिक्टोरियाचा चिकटला तर हसून परत ठेवा.

सुरुवात करणाऱ्याने भोकाचा पैसा घ्यावा. १९४३ ते १९४७ च्या दरम्यान, युद्धामुळे तांब्याची ओढाताण असताना, मधे भोक पाडून तो काढला होता. सहज मिळतो, स्वस्त असतो, आणि घरातल्या लहान मुलांना त्यापेक्षा चमत्कारिक काही वाटत नाही.

एका बाजूला राम-सीता-हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ साल असलेलं नाणं कोणी पुढे केलं तर ते चलन नव्हे. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. 'हे तांदूळ चुंबकासारखं ओढतं, लाखात जातं' असं सांगणारा भेटला तर तिथून चपळाईने निघा. या एका थापेने भल्याभल्यांना बुडवलं आहे.

कागद हा खरा खजिना

लोक पितळेकडे धावतात, मी रद्दीकडे. जुनं पुस्तक घेताना मजकुराआधी पानं झटका. बसची तिकिटं, दुकानाच्या पावत्या, वाळलेली पिंपळपानं, 'चि. सौ. कां.' सुरुवातीची निमंत्रणं पडतात. एकदा एका गणिताच्या पुस्तकातून रेडिओच्या परवान्याची पुस्तिका निघाली. घरी रेडिओ ठेवायला पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे, हे आज मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं. मुंबईच्या ट्रामचं तिकीट हाती लागलं तर सांभाळा. ३१ मार्च १९६४ ला ती ट्राम शेवटची धावली.

मोडी लिपीतले कागद मोडीच्याच भावात विकले जातात, ही आपल्याकडची जुनी गंमत. वाचता येत नाही म्हणून सोडू नका. खरेदीखत, हिशेब, पत्र, काहीही असेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी वाचणारी माणसं भेटतात. कागद सेलोटेपने चिकटवू नका आणि प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका. सपाट, कोऱ्या कागदांच्या मधे, कोरड्या जागी ठेवा.

भाव कसा करावा

हवी ती वस्तू बघताना डोळे चमकू देऊ नका. दुसरीच उचला, तिची चौकशी करा, मग जाता जाता "आणि हे काय आहे काका?" असं विचारा. नाव माहीत असलं तरी विचारा, कारण तो जे सांगेल त्यावर भाव ठरतो. भवानीच्या वेळी जास्त ताणू नये, तेव्हा माणूस पडेल भावाने देतो पण मनातून रागावतो. आणि पुढच्या रविवारी तुम्हाला त्याच माणसाकडे जायचं आहे. माझ्या बऱ्याच चांगल्या वस्तू "तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय" या वाक्यातून आल्या आहेत.

'लंडन १९१७' असं कोरलेली पितळी दुर्बीण आणि होकायंत्र, चकचकीत कर्ण्याचा फोनोग्राफ, नव्या रंगाने झगमगणारी डायल असलेलं एचएमटी घड्याळ: हा सगळा आजचा माल. शोभेला हवा असेल तर खुशाल घ्या, शोभेच्या भावात. मी होकायंत्र जुन्याच्या भावात घेतलं होतं. त्याचं उत्तर अजून आग्नेयेला आहे.

काय घेऊ नये

हस्तिदंत आणि वन्य प्राण्यांची शिंगं, कातडी, नखं यांना वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हातही लावू नका. तलवारी-कट्यारींना शस्त्रांचे नियम लागतात. बिलाशिवायचा मोबाइल म्हणजे घरी बोलावलेलं पोलीस ठाणं. आणि अमेरिकेतल्या भाच्याला जुनी मूर्ती पाठवायचा बेत असेल तर थांबा: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरची मोलाची हस्तलिखितं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत.

घरी आणल्यावर

पहिला आठवडा काही घासू नका. पीतांबरी आणि चिंच पितळेला लखलखीत करतात, पण कोरलेली अक्षरं दर घासण्याला थोडी पुसतात. नाणी तर कधीच घासू नका. ग्रामोफोनच्या लाखेच्या जुन्या तबकड्या स्पिरिटने पुसल्या तर लाख विरघळते. ओलसर मऊ फडकं पुरे. लाकूड एक दिवस उन्हात, ढेकूण-वाळवी बघून, मगच घरात.

मग प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधा. कुठे, कोणत्या दिवशी, कितीला, आणि विकणारा काय म्हणाला. माझ्या वज्रीच्या चिठ्ठीवर 'पेपरवेट' लिहिलेलं आहे. त्यावर काट मारून खाली आत्याच्या अक्षरात 'वज्री'. ती आता न्हाणीघरात असते. चिठ्ठी भिजते म्हणून कपाटात ठेवली आहे.