फॉर्म भरताना मोबाइल कसा आवरला (माझा अनुभव)
दर्यापूर तालुक्यात माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान हाय, जुलैमधी पीक विम्याची गर्दी अन् इकडं व्हॉट्सॲपचं सारखं टिंगटिंग. एक दिवस रील पाहता पाहता एका काकाचा गट नंबर 112 चा 121 टाकला, काका भर पावसात सायकलनं परत आले, लय वाईट वाटलं मले. मग सेटिंगमधी डिजिटल वेलबीइंग उघडून फोकस मोडमधी व्हॉट्सॲप, इन्स्टा, यूट्यूब टाकले, सकाळी 10 ते 2 चं शेड्यूल लावलं. तेवढ्या वेळात नोटिफिकेशन येतच नाही, पण कॉल येतो, ओटीपीचा मेसेज येतो, म्हणून काम अडत नाही. कागद व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याले सांगतो, दादा दुपारून पाठवा नाहीतर झेरॉक्स आणा. आता मोबाइल प्रिंटरच्या मागं पालथा असतो, अन् गट नंबर मी सातबाऱ्यावर बोट ठेवून दोनदा वाचतो.