विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप: लायसन्स कुठे अडतं

देखभालीसाठी एका वेळी दोन रिमोट सेशन फुकट मिळतात. रोजच्या कामाला ती नाहीत. दहा जणांना टॅली चालवायचं तर सेशन होस्ट रोल (अनेकांना एकाच वेळी रिमोटने काम करू देणारा सर्व्हरचा भाग) टाका आणि आरडीएस कॅल (रिमोट डेस्कटॉप वापरण्याचं लायसन्स) घ्या. साधी सर्व्हर कॅल (सर्व्हर वापरण्याचं मूळ लायसन्स) वेगळी लागतेच. पहिले 120 दिवस सगळं सुरळीत चालतं, म्हणून लायसन्सचा विसर पडतो आणि मुदत संपली की कामाच्या युजरना आत शिरता येत नाही.

डोमेन (सगळे युजर आणि संगणक एका ठिकाणाहून सांभाळणारी व्यवस्था) नसेल तर ‘पर डिव्हाइस’ म्हणजे दर संगणकामागे एक कॅल हाच मोड निवडा. अशा डोमेन नसलेल्या 2019च्या सर्व्हरवर ‘पर युजर’ (दर माणसामागे एक) ठेवलं तर सेशन तासाभरात तुटतं. 2019ची कॅल 2022वर चालत नाही, उलट चालतं. लायसन्स सर्व्हरचं (कॅल वाटणाऱ्या सर्व्हरचं) नाव आणि मोड ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमध्ये) भरा, मग लायसन्सिंग डायग्नोझर या विंडोजच्याच टूलमध्ये तपासा. राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं 3389 पोर्ट मात्र इंटरनेटला उघडं ठेवू नका, व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) लावा.