जुनी अमेरिकन तिकिटं आणि पाकिटं जमवताय? या चुका टाळा

पाण्याची वाटी आधी उचलून ठेवा. एकोणिसाव्या शतकातलं एखादं अमेरिकन पाकीट हाती आलं की आपला हात सवयीने त्या वाटीकडेच जातो, कारण तिकिटं जमवणं म्हणजे तिकिटं पाण्यात सोडवणं, असंच आपण शाळेत असताना शिकलो. मीही तेच केलं होतं. 1850च्या दशकात बोस्टनहून निघालेलं एक घडीपत्र माझ्याकडे आलं. घडीपत्र म्हणजे वेगळा लिफाफा न वापरता पत्राच्याच कागदाची घडी घालून, लाखेने चिकटवून पाठवलेलं पत्र. त्यावर वॉशिंग्टनचं 3 सेंटचं फिकट लाल तिकीट होतं. मी ते सोडवलं. गोल शिक्क्याचा डावा अर्धा तिकिटाबरोबर आला आणि उजवा कागदावरच राहिला. पत्त्याची शाई फुटून दोन अक्षरं डागात बुडाली. ते तिकीट त्या काळी कोट्यवधींच्या संख्येने छापलं गेलं होतं आणि सुटं तिकीट आजही स्वस्तात मिळतं. मोल होतं ते तिकीट, शिक्का, पत्ता आणि घडी एकत्र असण्याला. ते मी पंधरा मिनिटांत संपवलं.

म्हणून पहिला नियम हा: पाकिटावरचं तिकीट पाकिटावरच राहू द्या. आतलं पत्रही टाकू नका. त्या काळातल्या कित्येक अमेरिकन शिक्क्यांत गाव, महिना आणि दिवस असतो, पण वर्ष नसतं. मग वर्ष कळतं ते आतल्या पत्राच्या मथळ्यावरून, किंवा पत्र मिळाल्यावर व्यापाऱ्याने कडेला आडव्या टिपलेल्या ‘अमुक तारखेला आलं, तमुक तारखेला उत्तर दिलं’ अशा नोंदीवरून. ती नोंद घाण समजून खोडरबराने पुसणारे लोक मी पाहिले आहेत.

व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावच्या पोस्टमास्तरने काढलेलं 5 सेंटचं तिकीट निळ्या कागदावर छापलेलं असं जगात एकच माहीत आहे. संग्राहक त्याला ‘ब्लू बॉय’ म्हणतात. ते 1847च्या एका प्रेमपत्रावर चिकटलेलं आहे आणि त्या पत्रावर ‘नेहमीप्रमाणे जाळून टाक’ असं लिहिलेलं आहे. पत्र मिळालेल्या तरुणीने ते जाळलं नाही, जपून ठेवलं. 2019च्या लिलावात ते अकरा लाख डॉलरच्या वर गेलं.

दाते कापून केलेलं ‘बिनदात्याचं’ तिकीट

नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. अमेरिकेची 1847 आणि 1851 मालिकांची तिकिटं बिनदात्याची, म्हणजे कात्रीने कापून वापरायची होती. 1857पासून तीच तिकिटं दाते पाडून येऊ लागली. काही मूल्यांत बिनदात्याचं तिकीट दात्यांच्या तिकिटापेक्षा फार महाग आहे, त्यामुळे दाते कापून ‘1851चं’ म्हणून विकण्याचा धंदा फार जुना आहे.

पाहायचं कसं? 3 सेंटचं तिकीट घ्या. 1851च्या तिकिटाला चारही बाजूंनी बाहेरची बारीक चौकटरेषा आहे. 1857च्या बहुतेक तिकिटांवर वरची आणि खालची रेषा काढून टाकलेली आहे, फक्त डाव्या-उजव्या बाजूच्या उभ्या रेषा उरल्या आहेत. तेव्हा ‘1851, बिनदात्याचं’ म्हणून आलेल्या तिकिटाला वर-खाली रेषा दिसत नसेल तर बहुधा कुणीतरी दाते छाटले आहेत. 1 सेंटच्या निळ्या फ्रँकलिनचे तर कितीतरी ‘टाइप’ आहेत. एकाच छापपट्टीवरची शेजारशेजारची तिकिटं वेगवेगळ्या टाइपची निघतात आणि त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. वरच्या आणि खालच्या नक्षीची टोकं पूर्ण आहेत की कापलेली, हे दहापट भिंगाखाली पाहिल्याशिवाय त्यात पैसे घालू नका. बिनदात्याचं तिकीट घ्यायचंच तर चारही बाजूंना मोकळी जागा असलेलं घ्या. परवडत असेल तर जोडी घ्या, कारण दोन तिकिटांच्या मधले दाते कुणाला छाटता येत नाहीत.

1847चं नसलेलं 1847

1 जुलै 1847ला अमेरिकेची देशभर चालणारी पहिली तिकिटं आली: 5 सेंटचा तपकिरी फ्रँकलिन आणि 10 सेंटचा काळा वॉशिंग्टन. घरातल्या जुन्या अल्बममध्ये निळा फ्रँकलिन किंवा नारिंगी-तपकिरी वॉशिंग्टन सापडला आणि लाखो रुपयांचं घबाड मिळालं असं वाटलं, तर जरा थांबा. तिकिटांच्या शताब्दीला, 1947मध्ये, एक स्मरणिका पत्रक निघालं होतं. त्यात हीच दोन चित्रं 5 सेंट निळ्या आणि 10 सेंट नारिंगी-तपकिरी रंगात होती, तीही बिनदात्याची. त्या पत्रकातून कापलेले तुकडे जगभर फिरत असतात.

याहून अवघड प्रकरण 1875च्या पुनर्मुद्रणाचं. फिलाडेल्फियाच्या 1876च्या शताब्दी प्रदर्शनासाठी टपाल खात्याने नव्या छापपट्ट्या कोरून ही दोन्ही तिकिटं पुन्हा छापली. ती खोटी नाहीत, त्यांनाही स्वतःची किंमत आहे, पण ती 1847ची नाहीत आणि टपालाला चालत नव्हती. 10 सेंटच्या तिकिटावर वॉशिंग्टनच्या कोटाची डावी कड खाली कुठे येते ते पाहा. मूळ तिकिटात ती ‘टेन’ शब्दातल्या टीकडे जाते, पुनर्मुद्रणात रोमन एक्सच्या उजव्या टोकाकडे. 5 सेंटवर फ्रँकलिनच्या पांढऱ्या झालरीची डावी बाजू लंबगोलाला जिथे टेकते ती जागा पाहा. मूळ तिकिटात ती खालच्या ‘फाइव्ह’मधल्या एफच्या माथ्याच्या पातळीवर आहे, पुनर्मुद्रणात 5 आकड्याच्या माथ्याच्या पातळीवर. दोन्हींचे मोठे फोटो शेजारी ठेवून एकदा नजर बसवा. नंतर डोळा आपोआप तिथेच जातो.

कोलंबियन मालिकेत चूक टाळणं सोपं आहे. 1893ला शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी निघालेल्या या मालिकेत 1 सेंटपासून 5 डॉलरपर्यंत 16 मूल्यं आहेत. उजव्या वरच्या कोपऱ्यात 1892 असेल तर मूळ, 1992 असेल तर शंभर वर्षांनी काढलेल्या पत्रकातलं. आणि कोलंबसच्या 2 सेंटच्या तिकिटावर ‘टोपी फाटलेला माणूस’ दिसला म्हणून कुणी मोठी रक्कम मागत असेल तर देऊ नका. हे तिकीट 146 कोटींच्या आसपास छापलं गेलं आणि फाटक्या टोपीचा दोषही भरपूर सापडतो.

शिक्का मारलेलं आहे म्हणून स्वस्त, असं समजू नका

आपल्याला वाटतं, कोरं तिकीट महाग आणि वापरलेलं स्वस्त. 1860च्या 90 सेंटच्या वॉशिंग्टनच्या बाबतीत हे उलटं आहे. तिकीट आलं आणि वर्षभरात यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेच्या बंडखोर राज्यांत पडून असलेला साठा त्यांना वापरता येऊ नये म्हणून 1861ला टपाल खात्याने जुनी तिकिटं रद्द केली. त्यामुळे खरोखर टपालात वापरलेलं 90 सेंटचं तिकीट दुर्मीळ झालं. साहजिकच कोऱ्या तिकिटावर खोटा शिक्का मारण्याचा उद्योग सुरू झाला. या तिकिटावरचा शिक्का कितीही सुंदर दिसो, तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका.

ग्रिलचंही असंच. 1867 ते 1871च्या दरम्यान शिक्क्याची शाई कागदात मुरावी आणि तिकीट धुऊन पुन्हा वापरता येऊ नये म्हणून कागदावर बारीक टोचे दाबत असत. त्या टोच्यांच्या चौकोनाला ग्रिल म्हणतात. ग्रिलच्या प्रकारांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. 1 सेंटच्या फ्रँकलिनवर ‘झेड’ ग्रिल असलेली दोनच तिकिटं माहीत आहेत. एक न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संग्रहात आहे, दुसरं 2024ला 43 लाख डॉलरच्या वर विकलं गेलं. म्हणून निळा फ्रँकलिन दिसला की लोकांच्या छातीत धडधडतं. पण त्याच चित्राची ई आणि एफ ग्रिलची तिकिटं पुष्कळ आहेत आणि बिनग्रिलची तर ढिगाने. तिकीट पालथं घालून तिरप्या उजेडात धरा, ग्रिलची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा आणि टोच्यांची धार उभी आहे की आडवी ते भिंगातून पाहा. झेडची धार आडवी असते, ई आणि एफची उभी. खोट्या ग्रिलही दाबल्या जातात, तेव्हा मोजमाप जुळलं तरी एवढ्यावर विसंबू नका.

रंगाबद्दल थोडंसंच सांगतो. 1861चं 3 सेंटचं गुलाबी तिकीट बहुतेक ‘रोझ’ असतं. ‘पिंक’ आणि ‘पिजन ब्लड पिंक’ या छटा दुर्मीळ आहेत आणि मोबाइलच्या पडद्यावर त्या ओळखता येत नाहीत. नारिंगीकडे झुकणारे रंग हवेतल्या गंधकाने काळवंडून तपकिरी होतात. तो रंगप्रकार नव्हे, ते बिघडलेलं तिकीट. 1870च्या दशकातल्या ‘बँकनोट’ तिकिटांत, म्हणजे नोटा छापणाऱ्या कंपन्यांनी छापलेल्या तिकिटांत, तीन कंपन्यांची छपाई वेगळी ओळखायची असते. त्यासाठी कॉन्टिनेंटल कंपनीची गुप्त खूण शोधा. उदाहरणार्थ 1 सेंटच्या तिकिटात आकड्याच्या डावीकडच्या मोत्यात बारीकशी चंद्रकोर असते.

पाकिटावरचे आकडे पुसू नका, वाचा

या छंदात मला सगळ्यात जास्त आनंद इथे मिळतो, आणि खोटं पाकीटही इथेच पकडलं जातं.

1845पासून अमेरिकेत अर्ध्या औंसाच्या पत्राला 300 मैलांच्या आत 5 सेंट आणि त्यापुढे 10 सेंट असा दर होता. 1851ला तो बदलला. आता समजा, 1849चं न्यूयॉर्कहून न्यू ऑर्लीन्सला गेलेलं पत्र समोर आलं आणि त्यावर एकच 5 सेंटचं तिकीट आहे. हे अंतर 300 मैलांच्या कितीतरी पुढचं. मग उरलेल्या 5 सेंटची वसुलीची खूण कुठे आहे? नसेल तर तिकीट मागाहून चिकटवलं असण्याचा संशय घ्या. बिनतिकिटाच्या पत्रावर ‘पेड’ आणि 5 असा शिक्का आधीच असतो. त्यावर खरंखुरं 1847चं तिकीट चिकटवून किंमत वाढवणं ही फार जुनी युक्ती आहे. शिक्का तिकिटावरून कागदावर सलग गेलाय का, दोन्हीकडे शाईचा रंग एकच आहे का, तिकिटाच्या कडेने डिंकाचा ताजा ओघळ दिसतो का, हे पाहा. अल्ट्राव्हायलेट दिव्याखाली नवा डिंक आणि तिकीट रद्द करायला पेनाने मारलेली, मागाहून पुसलेली रेघ बऱ्याचदा दिसते.

परदेशी पाकीट याहून बोलकं. 1848च्या अमेरिका-ब्रिटन टपाल करारानुसार अर्ध्या औंसाच्या पत्राचे 24 सेंट पडत: अमेरिकेतल्या वाहतुकीचे 5, समुद्राचे 16 आणि ब्रिटनमधले 3. पत्र ब्रिटिश बोटीने गेलं तर अमेरिकेने ब्रिटनला 16 आणि 3 मिळून 19 सेंट द्यायचे, अमेरिकन बोटीने गेलं तर फक्त 3. म्हणून पाकिटावर लाल रंगात 19 किंवा 3 असा आकडा दिसतो. आता एखाद्या पाकिटावर 19 आहे आणि शिक्का अमेरिकन बोटीचा आहे, तर काहीतरी जुळत नाही. असा हिशेब मांडून पाहिला की कागद स्वतःच साक्ष देतो. म्हणूनच ते आकडे ‘कुणीतरी रंगीत पेन्सिलने खरडलंय’ म्हणून पुसणं मला सहन होत नाही.

आपल्या भागाशीही याचा खरा धागा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी 1813पासून मुंबईत आणि 1831पासून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला होते. त्यांचं मुख्यालय बोस्टनला, त्यामुळे तिकडे-इकडे पत्रं जात-येत. ती पत्रं शोधताना आजचं स्पेलिंग टाकून थांबू नका. त्या काळच्या पत्त्यांत नगरच्या शेवटी ‘नग्गर’ असा उच्चार होईल असं लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या संग्राहकाने सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी याच पत्रव्यवहाराकडे बोट दाखवतो.

पावसाळा

मुंबई-कोकणात अमेरिकन पुस्तकातले साठवणुकीचे सल्ले जसेच्या तसे चालत नाहीत. कोऱ्या तिकिटाचा मूळ डिंक जुलैमध्ये ओलावा धरतो आणि तिकीट अल्बमला बसतं ते सुटत नाही. कागदावर तांबूस ठिपके येतात आणि ते वाढत जातात. पाकिटं पॉलिस्टरच्या पारदर्शक खोळीत ठेवा, स्वस्त पीव्हीसीच्या नको. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते मधूनमधून तापवून पुन्हा वापरा. माळ्यावर काही ठेवू नका. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन तर कधीच नको.

डिंकासाठी जास्त पैसे मोजू नका, हेही यातच सांगतो. जुन्या तिकिटांना नवा डिंक लावून ‘मूळ डिंक’ म्हणून विकतात. मूळ डिंक दाते पाडण्याआधी लावलेला असतो, त्यामुळे दात्यांच्या टोकांचे कागदाचे तंतू मोकळे दिसतात. टोकं डिंकाने कडक झालेली दिसली तर डिंक नंतरचा आहे. या हवेत तो टिकणार नाहीच, तेव्हा स्वच्छ वापरलेलं तिकीट किंवा पाकीट घ्या.

किंमत आणि प्रमाणपत्र

स्कॉट कॅटलॉग, म्हणजे तिकिटांच्या किमतींची अमेरिकन सूची, त्यातला आकडा म्हणजे बाजारभाव नव्हे. तो ‘व्हेरी फाइन’ दर्जाच्या निर्दोष तिकिटाचा असतो. चित्र एका बाजूला सरकलेलं, कागद पातळ झालेला, कोपरा दुमडलेला असेल तर त्याच्या छोट्याशा हिश्शात विकलं जातं, आणि एकोणिसाव्या शतकातली बहुतेक तिकिटं अशीच आहेत.

महाग वस्तूला न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनचं किंवा अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीचं प्रमाणपत्र असावं. प्रमाणपत्रावरचा फोटो हातातल्या तिकिटाशी दात्यांसकट जुळवा, कारण प्रमाणपत्र एकाचं आणि तिकीट दुसरं असंही होतं. प्रमाणपत्र पन्नास वर्षांपूर्वीचं असेल तर नव्याने तपासून घ्या. तेव्हाची साधनं आजच्यासारखी नव्हती. प्रमाणपत्र नसलेली वस्तू लिलावात घ्यायची असेल तर बोली लावण्याआधीच विक्रेत्याला लेखी विचारा: ‘तज्ज्ञांच्या मतासाठी मुदतवाढ मिळेल का, आणि मत विरुद्ध आलं तर पैसे परत मिळतील का?’ हे बोली लागल्यावर विचारलं तर उत्तर बहुधा नाही असंच येतं. पार्सल आलं की खोळ उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, तारखेसकट.