डेटाबेस सर्व्हरचे लॉग वाचून कामाचा वेग कसा वाढवावा

सॉफ्टवेअर संथ झाले की पहिली मागणी येते ती नव्या सर्व्हरची, आणि पुष्कळदा ती लॉगची, म्हणजे सर्व्हर स्वतःच्या कामाची जी नोंदवही ठेवतो तिची, फाइल एकदाही न उघडता केलेली असते. वास्तविक कोणती क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) किती वेळ चालली, तिने किती ओळी तपासल्या आणि ती कुलपासाठी (लॉक; दुसऱ्या क्वेरीने अडवून ठेवलेल्या ओळी मोकळ्या होण्यासाठी) किती थांबली, हे सर्व्हर स्वतः लिहून ठेवू शकतो. फक्त तसे त्याला सांगावे लागते. हे काम कसे करावे, हे मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दोन डेटाबेसच्या आधाराने पाहू. उदाहरणासाठी नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्यांच्या आडतीचे एक काल्पनिक सॉफ्टवेअर घेऊ, ज्यात गाड्यांची आवक, लिलावाचे भाव आणि शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या नोंदवल्या जातात.

पायरी १ : लॉग सुरू करा

मायएसक्यूएलमध्ये संथ क्वेरींचा लॉग मूळ मांडणीत बंद असतो. ‘स्लो_क्वेरी_लॉग’ ही सेटिंग चालू करावी. त्यासोबतची ‘लाँग_क्वेरी_टाइम’ ही मर्यादा मुळात १० सेकंदांची असते, आणि आडतीच्या काउंटरवर शेतकरी उभा असताना १० सेकंद म्हणजे फारच झाले. म्हणून सुरुवात १ सेकंदापासून करावी. ही मर्यादा चालू सर्व्हरवर बदलली, तर ती फक्त नव्या जोडण्यांना (कनेक्शन) लागू होते. सॉफ्टवेअरने आधीपासून उघडून ठेवलेल्या जोडण्या जुन्याच मर्यादेने चालत राहतात, त्यामुळे ॲप्लिकेशन एकदा बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय लॉग रिकामा दिसला तर नवल नाही. शिवाय हा बदल सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावरही टिकावा, यासाठी तो कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्येही लिहावा.

पोस्टग्रेसमध्ये हेच काम ‘लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट’ करते. तिथे आकडा मिलिसेकंदांत द्यायचा असतो, म्हणजे १ सेकंदासाठी १०००. सोबत ‘लॉग_लॉक_वेट्स’ चालू करावे आणि ‘लॉग_टेम्प_फाइल्स’ शून्यावर ठेवावे, म्हणजे प्रत्येक तात्पुरती फाइल नोंदवली जाते. त्यांचा उपयोग पुढे येईल.

लॉगची फाइल डिस्क भरून टाकणार नाही, याची तजवीज त्याच दिवशी करावी. डिस्क भरली की डेटाबेसमध्ये नवी नोंद होत नाही, आणि तेव्हा लिलाव सुरू असेल तर सगळाच खोळंबा होतो. लिनक्सवर ‘लॉगरोटेट’ने जुन्या फाइल्स बाजूला काढून त्यांचा आकार कमी करून (कॉम्प्रेस) ठेवता येतात. या लॉगमध्ये क्वेरीतील मूल्येही जशीच्या तशी उतरतात, म्हणजे शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक आणि बँक खातेसुद्धा. म्हणून ती फाइल कोणाला वाचता येते, हे तपासावे.

पायरी २ : घड्याळ जुळवा

मायएसक्यूएल लॉगमधील वेळ मूळ मांडणीत यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहितो, जी भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. सकाळी ११ वाजता काउंटरवर झालेली तक्रार लॉगमध्ये ५:३० ला सापडते. ‘लॉग_टाइमस्टॅम्प्स’ ही सेटिंग बदलून स्थानिक वेळ घेता येते. शिवाय नोंद क्वेरी संपल्यावर होते, त्यामुळे ४० सेकंद चाललेली क्वेरी नोंदीच्या वेळेआधी ४० सेकंद सुरू झालेली असते. त्या वेळी आणखी काय चालू होते, याचा शोध घेताना हा फरक धरावाच लागतो.

पायरी ३ : एकूण वेळ मोजा

सर्वांत जास्त चुकीचे निष्कर्ष इथे निघतात. लॉग उघडला की नजर सर्वाधिक वेळ घेणाऱ्या क्वेरीवर जाते. समजा, महिन्याच्या उलाढालीचा अहवाल ४० सेकंद घेतो आणि दिवसातून दोनदा काढला जातो, तर त्याचे दिवसाचे एकूण ८० सेकंद झाले. दुसरीकडे, पट्टी उघडताना शेतकऱ्याची आधीची आवक शोधणारी क्वेरी केवळ ०.३ सेकंद घेते, पण दिवसातून २०,००० वेळा चालते. तिचे एकूण ६,००० सेकंद, म्हणजे १ तास ४० मिनिटे होतात. सर्व्हर दमतो तो हिच्यामुळे, आणि १ सेकंदाच्या मर्यादेत ती लॉगमध्ये दिसतसुद्धा नाही. म्हणून गर्दीच्या वेळी अर्धा तास मर्यादा शून्यावर आणून सगळ्याच क्वेरी नोंदवाव्यात आणि मग मर्यादा पूर्ववत करावी. तेवढा वेळ डिस्कवर ताण येतो, त्यामुळे मोकळ्या जागेवर लक्ष ठेवावे.

अशी बेरीज हाताने करता येत नाही. मायएसक्यूएलसोबत ‘मायएसक्यूएलडम्पस्लो’ मिळते. पर्कोना टूलकिट या साधनसंचातील ‘पीटी-क्वेरी-डायजेस्ट’ अधिक तपशील देते. पोस्टग्रेससाठी ‘पीजीबॅजर’ वापरावे. ही साधने केवळ मूल्यांत फरक असलेल्या क्वेरी एकत्र करतात आणि एकूण वेळेनुसार क्रम लावू शकतात.

पायरी ४ : एकेक नोंद बारकाईने वाचा

आधीची आवक शोधणाऱ्या वरील क्वेरीची नोंद अशी असू शकते : क्वेरी टाइम ०.३१, लॉक टाइम ०.००, रोज सेंट (पाठवलेल्या ओळी) १२, रोज एक्झॅमिन्ड (तपासलेल्या ओळी) ४,८०,०००. बारा ओळी देण्यासाठी चार लाख ऐंशी हजार ओळी चाळल्या गेल्या, म्हणजे योग्य इंडेक्स (ओळी पटकन शोधण्यासाठीची सूची) नाही किंवा असूनही वापरला जात नाही. इंडेक्स असूनही न वापरला जाण्याचे नेहमीचे कारण क्वेरीच्या अटीत असते : तारखेच्या स्तंभावर फंक्शन लावून वर्ष किंवा दिवस वेगळा काढला, की त्या स्तंभाचा साधा इंडेक्स निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी ‘या तारखेपासून त्या तारखेच्या आधीपर्यंत’ अशी अट लिहावी.

कुलपासाठी थांबण्याचा वेळ मोठा असेल, तर इंडेक्स वाढवून भागेलच असे नाही. एखादा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडा ठेवून सॉफ्टवेअर दुसरेच काम करत आहे का, ते पाहावे. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये तात्पुरत्या फाइल्सच्या नोंदी वारंवार येत असतील, तर क्रमवारी लावायला स्मृती अपुरी पडत आहे. ‘वर्क_मेम’ मुळात ४ एमबी असते. ते वाढवता येते, पण ती मर्यादा प्रत्येक क्रियेला स्वतंत्रपणे लागू होते, म्हणून सरसकट मोठा आकडा देऊ नये.

एकाच वेळी सगळ्याच क्वेरी संथ झालेल्या दिसल्या, तर दोष क्वेरीत शोधू नये. बॅकअप त्याच वेळी चालतो का, ते आधी पाहावे. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, वातानुकूलन नसलेल्या खोलीतील सर्व्हरचा प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो, हेही दुपारच्या नोंदींमागचे खरे कारण असू शकते.

पायरी ५ : एका वेळी एकच बदल करा

आधी ‘एक्सप्लेन’ ही आज्ञा चालवून डेटाबेस कोणत्या मार्गाने जातो, ते पाहावे. ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ ती क्वेरी प्रत्यक्ष चालवते, त्यामुळे नोंदी बदलणाऱ्या किंवा पुसणाऱ्या क्वेरीवर ते चाचणीच्या प्रतीवरच वापरावे. आपल्या उदाहरणात शेतकरी क्रमांक आधी आणि तारीख नंतर असा एकत्रित इंडेक्स लागेल, कारण क्रमांकाची अट नेमकी आहे आणि तारखेची अट पल्ल्याची. पोस्टग्रेसमध्ये ‘कॉन्करंटली’ हा शब्द वापरून इंडेक्स बांधला, तर त्या काळात टेबलवरील लेखन थांबत नाही. तरीही हे काम लिलाव नसताना करणेच बरे. प्रत्येक नवा इंडेक्स नव्या नोंदीचे काम थोडे वाढवतो, म्हणून ‘असू द्या, कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून इंडेक्स बांधू नयेत.

पायरी ६ : पुन्हा मोजा

आधीचा आणि नंतरचा लॉग सारख्या कामाच्या दिवसांचा असावा. आंबिया बहाराची संत्री भरभरून येत असतानाचा दिवस आणि आवक ओसरल्यानंतरचा दिवस यांची तुलना केली, तर काहीही न बदलता सुधारणा झाल्यासारखी वाटते. त्याच वाराचे, शक्यतो लागोपाठच्या आठवड्यांतील, गर्दीचे तेच तास घ्यावेत आणि त्या क्वेरीचा एकूण वेळ, ती किती वेळा चालली आणि तपासलेल्या ओळी, हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडावेत. तपासलेल्या ओळी लाखांवरून शेकड्यांत आल्या असतील, तर बदल कायम ठेवावा. आकडे हलले नसतील, तर तो इंडेक्स काढून टाकावा आणि एकूण वेळेच्या यादीतील त्याच क्वेरीची नोंद पुन्हा वाचायला घ्यावी.